राहिलेली पाचवी

नाळ कुणी कापली, हे कमळआत्याने विचारलं तेव्हा सगळे अंगणात चहा पीत बसले होते. प्रश्न इतका साधा वाटला की अमितने बशीतून तोंड न काढताच उत्तर देऊन टाकलं.

"चंदानं. आजीचं हात कापतात गो आता. आजी नुसती बसून सांगत व्हती, हात चंदाचं."

कमळआत्याने कप खाली ठेवला. ती मुरबाडहून दोन एसट्या बदलून आली होती. भाची परदेशी चालली म्हणून तिला निरोप द्यायचा होता आणि भाच्याला लेक झाली म्हणून ती बघायचीही होती. बरोबर नाचणीचे लाडू होते, बाळंतिणीसाठी सुकट होती. पिशवी अजून तिच्या मांडीवरच होती.

"चंदानं कापली," ती म्हणाली, "आणि चंदा उद्या चालली."

तेव्हा कुठे बाकीच्यांच्या डोक्यात उजेड पडला.

रीत वाडीत सगळ्यांना ठाऊक होती. जिने नाळ कापली तिनेच पाचव्या दिवशी बाळाला न्हाऊ घालायचं आणि तिनेच सटवाईचं पान मांडायचं. तोवर बाळाला सोडून गावाची शीव ओलांडायची नाही. सटवाई पाचवीला येते, बाळाच्या कपाळी पुढचं सारं लिहून जाते, आणि लिहिण्याआधी पान कुणी मांडलंय ते बघते. बाळ मंगळवारी जन्मलं होतं, म्हणजे पाचवी शनिवारी. चंदाचं विमान शुक्रवारी दुपारचं होतं.

"दोन दिस उशिरा जाईल," आत्या म्हणाली. "विमानं काय एकच हाय?"

"आत्या, ती काय शेणव्याची जीप हाय, हात केला का थांबली?" अमित हसला. हसून झाल्यावर त्याने बायको झोपली होती त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि शीव तर कवाच वलांडली ना. मंगळवारी अँब्युलन्स आली, शापूरच्या आसपतालात नेलं, चंदा संगं गेली. शापूर काय वाडीत हाय?"

"बाळासंगं गेली. बाळ जिथं, तिथं तिची शीव."

 अमितचा बाप नामा पडवीच्या आड्याला भाजीवाल्याकडून मागून आणलेला वजनाचा काटा टांगून चंदाची बॅग तोलत होता. तो काट्याकडे बघत मोठ्याने म्हणाला, "बावीस किलो. अजून एक किलो घेतात." मग त्याने बॅग काढली आणि पुन्हा टांगली.

खरं तर हे बाळ चंदाच्या जाण्यामुळेच वाडीत जन्मलं. अमित आणि छाया दिवाळीपासून मुरबाडकडच्या वीटभट्टीवर होते. छायाचे दिवस भरायला तीन आठवडे होते. पण नणंद समुद्रापार चालली आणि आपण पोचवायला नाही, हे तिला पटेना. टेम्पोत बसून ती आली, सापगावपर्यंत टेम्पोने हाडं खिळखिळी केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापता थापता तिच्या कळा सुरू झाल्या. वाडीचं आरोग्य बघणाऱ्या आशाताईंनी फोन केला. अँब्युलन्स यायला तास लागला, बाळाला मात्र पाऊणच तास लागला.

चंदा न्हाऊन केस पुसत बाहेर आली. बावीस वर्षांची, सडपातळ, आजीसारखेच लांब हात. आत्याचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. खरं तर मंगळवारपासून ती याचीच वाट पाहत होती.

"आत्या, मी ऱ्हायली तरी सटवाईफुडं बसणार नाय," ती सरळ म्हणाली. "तुला ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय. बाटलीस त्ये."

"बाटली म्हण नायतर काय पण म्हण. बाळाला न्हाऊ घालीन, तेल लावीन, रात रात घेऊन बसंन. पण हात जोडायचं ते येशूला."

"मग नाळ कशाला कापलीस गो? येशूनं नाय का सांगलं, दुसऱ्याच्या रीतीत हात घालू नको?"

चंदाने केस पुन्हा पुसायला घेतले. अमित काहीतरी पुटपुटला. नामाने तिसऱ्यांदा बॅग टांगली.

---

अमित आणि चंदाची आई रंजना चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. तिची दोन्ही मुलं एका घरात आहेत असं कितीतरी महिन्यांनी झालं होतं, वर नात आली होती. मंगळवारपासून ती काम करताना गुणगुणत होती, आणि आताही आत्याचा आवाज चढला तरी तिचं मन काही केल्या पुरतं उदास होत नव्हतं. तिने भाकरी उलटली आणि चंदाला हाक मारली.

चंदा येऊन शेजारी उकिडवी बसली.

"सोमवारी नाय पोचली तर काय व्हईल?" रंजनाने विचारलं. हे तिने या आधीही विचारलं होतं. पुन्हा ऐकायचं होतं.

"सोमवारी वर्ग सुरू व्हतो, आय. रविवारी निघून पोचत नाय. पंधरा पोरी घेतल्यात, सगळ्या देशांतून. जी नाय आली तिची जागा दुसरीला देतात. मग फुडल्या वर्षी परत अर्ज, परत व्हिसा. सिस्टर म्हणाल्या, परत मिळंल असं कोण सांगू शकत नाय."

मुरबाडच्या मिशनच्या होस्टेलात चंदा इयत्ता पाचवीपासून होती. भट्टीवर मुलं नेली की शाळा बुडते म्हणून रंजनानेच तिला तिथे ठेवलं होतं. बारावीनंतर मिशनच्या दवाखान्यात दोन वर्षं राबली. तीन वर्षांपूर्वी तिने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा वाडीत कुणी फार काही बोललं नाही, एक आत्या सोडून. आता त्याच मिशनचं फिलिपीन्सला, दावाओ नावाच्या शहरात बाळंतपणाचं केंद्र होतं. तिथे दोन वर्षं शिकायचं, हजारभर बाळंतपणं बघायची, शंभर स्वतःच्या हातांनी करायची, आणि मग इथे यायचं.

"तू काय म्हणतेस?" रंजनाने विचारलं.

चंदाने चुलीतलं लाकूड आत सारलं. "मी मानत नाय, आय. पण उद्या त्या बाळाला साधी सर्दी झाली तरी आत्या म्हणंल, चंदानं अर्ध्यात सोडलं म्हणून. आणि वयनी... वयनी ऐकंल ते. तिला रोज ऐकावं लागंल. मी तिथं दुसऱ्यांची बाळं झेलायची आणि हितं माझ्या घरातली बाळंतीण घाबरून बसायची?"

"मग नको जाऊ म्हणतेस?"

"तसं नाय म्हणत."

"मग काय म्हणतेस?"

"भूक लागली म्हणते," चंदा म्हणाली, आणि दोघी एकदम हसल्या. रंजनाने गरम भाकरीचा पापुद्रा काढून तिच्या हातावर ठेवला.

---

भागीआजी मोहाच्या झाडाखाली बसली होती. तिचे हात मांडीवर होते आणि मांडीवरही थरथरत होते. या हातांनी तिने शेणव्यापासून आटगावपर्यंतच्या वाड्यांत किती बाळं झेलली, ते तिला मोजता येत नव्हतं. दोन बाया मात्र तिला पक्क्या आठवत होत्या. बाळ नीट झालं, रडलं, आणि मग बाईचं रक्त थांबेचना. त्या दोघींची नावं ती कधी घेत नसे. चंदाला मात्र तिने सांगितली होती, आणि म्हणाली होती, "बाकीचं सारं मला येतं. तू तेवढं रगत थांबवायचं शिकून ये."

आता कमळ समोर येऊन उभी राहिली.

"आय, तूच का नाय कापलीस? तुला रीत ठाऊक नाय का? का म्हातारपणी इसरलीस?"

सगळ्या घराने तेच गृहीत धरलं होतं, की म्हातारी विसरली. भागीने क्षणभर विचार केला. विसरले म्हणून सांगणं सोपं होतं.

"इसरली नाय," ती म्हणाली.

"मग?"

"पातं माझ्या हातात व्हतं, ते आशाताईनं दिलेलं नवं. हात कापत व्हता, पण दोरा बांधलेला, मी कापलं असतं. एवढं काय नाय. पन चंदा बाजूला बसलेली. तिचं डोळं बघितलं मी. म्हटलं, उद्या पोरगी एवढ्या लांब जाणार, तिथं त्या गोऱ्या बाया इचारतील, तू काय केलंयस आजवर? तिनं काय सांगायचं, माझी आजी सुईण व्हती? म्हणून दिलं तिच्या हातात. शनिवार माझ्या ध्यानात व्हता."

"ध्यानात व्हता न तरी दिलंस?"

"दिलं."

कमळआत्या तिच्यापुढे खाली बसली. भागीला वाटलं आता ही भांडेल. पण तिने पदर तोंडाला लावला. चाळिशीच्या पुढची, सदान् कदा फणकारणारी ही लेक रडतेय, हे म्हातारीला पटायला वेळ लागला.

"आय, तुला ठाऊक नाय," कमळ म्हणाली. "तू नव्हतीस तिथं."

---

आत छाया जागी होती. बाळ दोन किलो तीनशे ग्रॅमचं, मुठीएवढं तोंड. पाजायला घेतलं की दोन घोट ओढायचं आणि दमून झोपायचं. मग छाया त्याच्या तळव्याला बोटाने हळूच गुदगुली करायची. असं कर, म्हणून चंदाने शिकवलं होतं. तळवा आक्रसायचा, ओठ हलायचे, पुन्हा दोन घोट. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं आणि तिला त्याचा कंटाळा येत नव्हता. भट्टीवर दिवसाला हजार विटा पाडणारी ती, एका दिवसात आठ घोटांनी खूश होत होती.

कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. मोहाखालचं बोलणंही.

कमळआत्या सांगत होती. बावीस वर्षांमागे भट्टीवर रंजनाला कळा लागल्या, तेव्हा सासू इथे वाडीवर, आजारी सासऱ्यापाशी. भट्टीवर दुसरी जाणती बाई नव्हती. नव्या लग्नाच्या कमळने भीत भीत नाळ कापली. तिसऱ्या दिवशी मुकादमाने तिच्या नवऱ्याला दुसऱ्या भट्टीवर पाठवलं. ट्रक उभाच होता. कमळ ट्रकमध्ये चढली.

"चंदाची पाचवी झाली नाय, आय. मी सांगलं नाय कुणाला. कपाळ कोरं ऱ्हायलं पोरीचं. तिला ताप आला, मी नारळ घेऊन सटवाईला गेली. ती झाडावरनं पडली, मी गेली. मग ती बाटली, तवा मला वाटलं, घ्या! आपल्याकडनं लिवायचं ऱ्हायलं, म्हणून दुसऱ्यानं येऊन लिवलं. आता तेच ह्या बाळाचं व्हयाला नको गो."

 मग चुलीकडून रंजनाचा आवाज आला, अगदी रोजचा.

"मला ठाऊक हाय ते, कमळबाय."

"काय ठाऊक हाय?"

"माझ्याच लेकीची पाचवी ना? मी मोजत बसलेली, येतेस का म्हणून. मग म्हटलं, ट्रक लांब गेला असंल."

"आणि बावीस वर्सं बोलली नायस?"

"तू दर तापाला नारळ घेऊन यायचीस. काय बोलायचं तुला?"

छायाने बाळाला छातीशी घेतलं. मंगळवारचं तिला सगळं नीट आठवत नव्हतं. चंदाचा आवाज तेवढा आठवत होता. वयनी, आता जोर नको लावू, नुसता श्वास सोड, दिवा फुकतेस तसा. आणि नंतर पोटावर ठेवलेलं ते ओलं, गरम ओझं. बाळाविषयी दुपारपासून सगळे बोलत होते. तिला कुणी विचारलं नव्हतं. बाळंतिणीला विचारायची रीत नसते.

"आत्या!" तिने हाक मारली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि बाळ दचकलं. "आत या ना जरा. सगळीच या."

सगळे दारात जमले. अमितला वाटलं काही दुखलं-खुपलं.

"मला काय नाय झालं," छाया म्हणाली. "पोरगी माझी हाय ना? मग मी सांगते. चंदाताई उद्या जाईल. आणि शनिवारी पान आत्या मांडतील."

"मी?" आत्या म्हणाली. "मी कुठं कापली नाळ?"

"ताईनं नाळ कापली, ती पाचवीला नाय. तुमी नाळ कापलीत, पाचवी ऱ्हायली. एकीचं अर्धं ऱ्हातंय न एकीचं अर्धं ऱ्हायलंय. ते एका जागी करा की."

"असं कुठं असतं गो?"

"नसंल. मला काय ठाऊक? ह्या आजी हायत, त्यांना इचारा."

सगळे भागीकडे वळले. दाराची चौकट धरून ती उभी होती. आधी तिने नातसुनेकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग चंदाकडे. चंदा भिंतीला टेकून खाली मान घालून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. प्रार्थना करत असेल. करू दे.

"पन्नास वर्सं हे केलं," भागी म्हणाली. "अशी पाचवी कवा झाली नाय. पन सटवाई बाय हाय. बायला बायची अडचण कळती. नसंल कळत तर तिनं मला येऊन इचारावं. मी हितंच बसलीय."

"व्हईल म्हणतेस?" कमळआत्याने विचारलं.

"मी म्हणते म्हणजे व्हईल."

आत्याने बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. मग चंदाकडे वळून फणकारली, "उभी काय ऱ्हायलीस? बॅगेत एक किलो जागा हाय म्हणतो तुझा बाप. लाडू घाल त्यात. तिथं नाचणी मिळती का, ठाऊक नाय."

चंदा पुढे आली आणि आत्याच्या गळ्यात पडली. आत्याने तिला बाजूला केलं नाही. "बाटलेली बया," ती तिच्या केसांत पुटपुटली, "ओलं केस घेऊन फिरतेस, सर्दी व्हईल."

---

शुक्रवारी सकाळी जीप आटगाव स्टेशनला निघाली. नामा आणि अमित सोबत गेले. जाण्याआधी चंदाने बाळाची नाळ तपासली, छायाला ताप नाही ना ते पाहिलं, आणि काय झालं तर ताबडतोब दवाखान्यात जायचं, कुणाची वाट बघायची नाही, हे तीन वेळा बजावलं. तिसऱ्या वेळेला आत्याच म्हणाली, "कळलं गो, आमी काय बहिरं हाव?" जीप वळणाआड गेली. मग रंजनाने आत येऊन नातीची दुपटी धुवायला घेतली.

शनिवारी ऊन कलल्यावर कमळआत्याने बाळाला न्हाऊ घातलं. पाटावर तांदूळ पसरून पान मांडलं. हळद, कुंकू, सुपारी, भात, आणि सटवाईला लिहायला एक कोरा कागद नि अमितचं पेन. हात जोडले. छायाने बाळाचं कपाळ पाटाला टेकवलं.

मग आत्याने पिशवीतून दुसरं पान काढलं आणि पहिल्याच्या शेजारी मांडलं.

"हे कुणाचं?" भागीने विचारलं.

"माझं ऱ्हायलेलं."

"आगं, पोरगी कवाच उतरली असंल तिकडं. सटवाई तिला कुठं शोधील?"

"मी सांगते ना तिला पत्ता." आत्या भात वाढत म्हणाली. "अमित, आजून एक कागद आण. कोरा."

"नको," रंजना म्हणाली.

ती उठली, फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून घडी घातलेला एक कागद आणला. तिने तो दुसऱ्या पानावर उलगडून ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर सुपारी ठेवली. मिशनकडून चंदाला निवड झाल्याचं पत्र आलं होतं, त्याची झेरॉक्स. आत्याने पेन उचलून त्याच्याजवळ सरकवलं, तर रंजनाने ते परत बाळाच्या पानावर ठेवलं.

"बावीस वर्सं लिवून झालंय तिचं," ती म्हणाली. "आता सटवाईनं नुसतं वाचावं."

आत्या त्या कागदाकडे वाकून बघत राहिली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण ही अक्षरं वेगळी आहेत, एवढं कळत होतं.

"हे इंग्रजीत हाय का?"

"सारं इंग्रजीत हाय," अमित म्हणाला.

"मग सटवाईला कसं कळंल?"

भागीने थरथरत्या हाताने दिवा जरा कागदाकडे सरकवला.

"चंदा शिकली," ती म्हणाली. "ती नाय का शिकायची?"